रंग, लांबी, वेळ

पहाटे पावणेतीन. ऐरोली, सेक्टर आठ, चौथा मजला.
हक्क्, हक्क्, हक्क्.
मी चाचपडत दिवा लावेपर्यंत
सुतळी फरशी सोडून
नेमकी चटईवर गेलेली असते.
पुसता येईल अशी एवढी जागा घरात,
पण हिला ओकायला कापडच लागतं.

पाठीची कमान,
पोटातून वर चढत जाणारी लाट,
जबडा उघडा,
आणि मग काहीच नाही.
मिशा पुसून माझ्याकडे बघते,
जणू मीच काहीतरी केलं.

"केस गिळले असणार," शेजारचे वाघुले म्हणाले,
"बाहेरची मांजरं गवत खातात."
बाहेर म्हणजे जाळीपलीकडे, चार मजले खाली.
मी डब्याच्या झाकणात गहू पेरले,
घट बसवल्यासारखे.
तिने शेंडे कुरतडले
आणि उरलेल्या शेतावर झोपली.

डॉक्टर पाष्टेबाईंनी विचारलं, "नक्की कसं करते?"
मी म्हटलं, हक्क्.
"तसं नाही. करून दाखवा."

अठ्ठावीस वर्षं रबाळ्याला
व्हॉल्व्हची गळती तपासणारा माणूस मी,
दवाखान्यात गुडघ्यांवर टेकलो,
तळवे जमिनीला, मान पुढे.
बाकावर ससा घेऊन बसलेला मुलगा
हसायचं की नाही
ते आईच्या तोंडाकडे बघून ठरवत होता.

"पोट हलतं, की नुसती मान लांबते?"
मी पुन्हा केलं. मग आठवून तिसऱ्यांदा, वेगळं.
"हे दोन आजार आहेत, काका.
पोट हलतं ती ओकारी, तिच्यात केस येतील, कधीमधी यायचेच.
मान जमिनीसरशी, पोट गप्प, तो खोकला.
घरात धूर कसला करता?"

डासांची हिरवी कॉइल.
खाडीवरून दिवेलागणीला येतात ना.
कपाटाखाली लावतो,
म्हणजे जिथे ती दिवसभर असते तिथेच.
हे बोलताना माझाच आवाज उतरला.

"बंद करा. रोज विंचरा. पाणी दोन ठिकाणी ठेवा.
खाणं सोडलं आणि कोरडी उबळ थांबेना,
तर सकाळची वाट बघू नका."
मग तिचा जबडा हलकेच उघडून म्हणाल्या,
"जीभ बघा. काटे सगळे आतल्या बाजूला वळलेले.
चाटलेलं थुंकता येत नाही हिला.
गिळावंच लागतं."

रिक्षात टोपली मांडीवर.
दिघ्यापर्यंत मी त्याच वाक्यात बसून होतो,
घर मागे गेलं ते रिक्षावाल्याने सांगितलं.

हेमांगी वाशीच्या हॉस्पिटलात, रात्रपाळी.
ती साडेआठला येते, मी आठला निघतो.
आमचं बोलणं स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर:
दूध नाही. गॅस आला. चावी वाघुल्यांकडे.
भांडणसुद्धा गेल्या मार्चात
तीन चौकोनांत उरकलं होतं.

कॉइल गेली. डास आले. मी खाजवतो, सुतळी खोकत नाही.
लेकीची शाळेतली बारीक फणी सापडली,
तिने रोज मूठभर लोकर निघते,
एवढ्यात दुसरं मांजर झालं असतं.

अकराव्या रात्री पोट हललं.
मी शेजारी उकिडवा बसलो, हात न लावता.
आला.
चटईवरच, अर्थात.
कॅलेंडरवर लिहिलं: केसांचा गोळा. २.५०.

संध्याकाळी परतलो तर खाली
तिचं नर्सचं अक्षर, तिरपं, घाईचं:
रंग? लांबी?

मी पेन घेऊन उभा राहिलो.
करडा.
करंगळीएवढा.
आत एक लांब केस,
टोकाशी काळा, मुळाशी पांढरा.
तुझा.

चौकोन भरला.
पुढचं एकादशीच्या चौकोनात गेलं:
तू नसताना तुझ्या उशीवर झोपते.
उद्या दूध दोन.